अंधार मिळेल का, एका रात्रीपुरता?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॅफेटेरियात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सो, वीकेंडला काय केलंस?’ कुणी गोव्याला जाऊन आलेलं असतं, कुणी लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये चार तास काढून. गेल्या डिसेंबरात माझं उत्तर होतं, ‘शेतात झोपलो होतो. सात अंश थंडीत. बायको-मुलीसकट.’ टेबलावर दोन सेकंद शांतता. मग एकाने काळजीने विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’

ठीकच होतं हो! आम्ही तारे बघायला गेलो होतो.

त्याचं झालं असं. माझी लेक नऊ वर्षांची. तिच्या वाढदिवसाला हट्ट करून तिने टेलिस्कोप मागितला. मीही ऑनलाइन सेलमध्ये डोळे झाकून अठरा हजार मोजले. खोक्यावर शनीचा रंगीत फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘५२५ पट मोठं दिसणार!’ पुण्यातल्या आमच्या गॅलरीतून पहिल्याच रात्री काय दिसलं, तर समोरच्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावरचं वाळत घातलेलं टॉवेल. पाचशे पट नाही, पण बऱ्यापैकी मोठं. आकाशात मोजून बारा तारे, त्यातलं एक विमान निघालं.

मग थोडा अभ्यास केला. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते. मुंबईकरांचं खगोल मंडळ वांगणीला रात्र-रात्र जागवतं. अशा मंडळींच्या नादाला लागलं की पहिल्या दोन तासांत दोन गोष्टी कळतात. एक, खोक्यावरचा आकडा विसरा. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या साधारण दुप्पट पटीपर्यंतच चित्र धड राहतं. माझं भिंग ७० मिलिमीटरचं, म्हणजे फार तर १४० पट. त्यापुढे नुसता मोठा झालेला धूसर गोळा. आणि दोन, टेलिस्कोपपेक्षा महाग वस्तू म्हणजे अंधार. तो सेलमध्ये मिळत नाही.

मला मात्र वाटलं, आपल्याकडे तो वडिलोपार्जित आहे!

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, नवेगावबांधच्या अलीकडे. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. माझं लहानपण लोडशेडिंगमध्ये गेलं. दिवे गेले की बाबा अंगणात खाट टाकायचे आणि सुरू व्हायचे, ‘ते बघ तिकांडं, तो व्याध, त्या कृत्तिका.’ बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी परीक्षाही व्हायची. तेच आकाश लेकीला दाखवायचं, असा माझा फुलप्रूफ प्लॅन. १९ डिसेंबर २०२५ ला अमावास्या, लगेच शनिवार, नाताळच्या सुट्ट्या जोडून. गुरुवारी रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसलो. टेलिस्कोपला एक अख्खी खालची बर्थ. बायको वर.

शुक्रवारी रात्री गावात पोचलो आणि घरासमोर गाडीतून उतरताना माझे डोळेच दिपले. आमच्या दारासमोरच्या वळणावर उंच खांब आणि त्याच्यावर एलईडीचा पांढराशुभ्र झोत. अंगणात पेपर वाचता येईल इतका उजेड. वर बघितलं तर आकाश जवळपास पुण्याचंच!

खांब कुणी आणला, तर माझ्या चुलत भावाने. दादा ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. त्यासाठी त्याने दोन वर्षं चकरा मारल्या होत्या. मी चहा पिता पिता अगदी सहज, ऑफिसात कुणाला मीटिंग पुढे ढकलायला सांगावं तसं म्हणालो, ‘दादा, उद्या एका रात्रीसाठी तो लाइट बंद करता येईल का रे?’

दादा लगेच काही बोलला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, ‘तुले चांदन्या पायजेत. आमाले रस्ता पायजे.’

आणि मग मला आठवलं. खरं तर विसरायला नको होतं. २००४ सालच्या पावसाळ्यात याच वळणावर काकूंना, म्हणजे दादाच्या आईला, साप चावला होता. लाइट नव्हते. त्या शेजारच्या घरून परत येत होत्या, जेमतेम साठ पावलं. घोणस होती. गाडी मिळून तालुक्याला पोचेपर्यंत उशीर झाला. मी तेव्हा नागपूरला हॉस्टेलवर होतो, दादा घरी होता. मला लोडशेडिंगच्या रात्री आठवतात त्या चांदण्यांसाठी. त्याला वेगळ्या कारणासाठी.

मी गप्प बसलो. बायकोने माझ्याकडे जो लुक दिला, तो इथे छापण्यासारखा नाही.

दादानेच तोडगा काढला. गावापासून किलोमीटरभर आमचं खळं आहे. धान कापून झालेलं, पुंजणं रचून ठेवलेली, राखणीला कुणीतरी झोपतंच. ‘उद्या तिकडे जाऊ,’ तो म्हणाला, ‘मी येतो सोबत. पोरीले बूट घालून आना.’ आईने मात्र बजावलं, आज अमावास्या आहे, आज कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. विज्ञान शाखेचे आम्ही दोघं आणि आमची इंग्लिश मीडियमची लेक, तिघंही मुकाट्याने झोपलो.

शनिवारी दिवसा बाबा आम्हाला नवेगावबांधच्या तलावावर घेऊन गेले. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं इथे सांगतात. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या तलावांमागे कोहळी समाजाचं कसब आहे, त्यातला हा मानाचा. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्यातूनच आलं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. बाबा काठावर उभं राहून त्यांच्या आठवणीने जरा हळवे झाले, मग तलावाभोवतीच्या टेकड्यांकडे बोट दाखवून नातीला म्हणाले, ‘या सात बहिणी.’ खरंच, या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. लेकीने मोजल्या. सहाच भरल्या. एक कुठे गेली यावर आजोबा-नातीचा वाद जेवणापर्यंत पुरला. जेवणात लाखोळीची भाजी आणि नवीन तांदळाचा भात होता, त्यामुळे वाद मिटला.

संध्याकाळी सात वाजता आम्ही खळ्यावर. पुढे दादा काठी आणि टॉर्च घेऊन, मध्ये बाबा आणि लेक, मागे टेलिस्कोपची नळी खांद्यावर घेऊन मी, बझुकावाल्या कमांडोसारखा. थंडी अशी की बोटं स्क्रू फिरवायला तयार नाहीत. विदर्भातल्या थंडीच्या बातमीत गोंदियाचं नाव का वर असतं, ते तिथे पंधरा मिनिटं उभं राहिलं की कळतं.

टॉर्च बंद केली तेव्हा सुरुवातीला काहीच कळलं नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात एकदा जरी मोबाइल बघितलात की मीटर परत शून्यावर! ऑफिसच्या ग्रुपवर ‘रीच्ड’ टाकायला मी फोन काढला आणि माझी पंधरा मिनिटं वाया घालवली. (टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिनचा कागद लावला तर हा घोळ टळतो. लाल उजेडाने डोळ्यांची सवय मोडत नाही. हे मला आधीच माहीत होतं. कागद पुण्यात राहिला.)

मग हळूहळू ते वर येत गेलं. म्हणजे तारे आधीही होतेच, पण पावणेआठच्या सुमारास एकदम जाणवलं की दोन ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नाहीये. त्या जागेतही तारे आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेतही. बायको इतका वेळ शालीत गुंडाळून ‘मी आले म्हणून आलेय’ मोडमध्ये होती. ती नुसतं ‘अरे...’ म्हणाली आणि पुढचं वाक्य तिला सुचलंच नाही. देवयानीतली दीर्घिका, आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षं दूर, साध्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसली. साध्या डोळ्यांनी माणसाला इतकं लांबचं फार थोडं दिसतं.

पहिला नंबर शनीचा लावला, कारण खोक्यावरचा फोटो. आणि इथे मोठी पोपटपंची झाली. लेकीने डोळा लावला, काढला, परत लावला. ‘बाबा, रिंग्ज कुठायत?’ मी बघितलं तर एक पिवळसर ठिपका आणि त्यातून आरपार गेलेली बारीक रेघ. लिंबाला सुई टोचल्यासारखी. झालं असं होतं की साधारण दर पंधरा वर्षांनी शनीची कडी पृथ्वीवरून बरोबर कडेने दिसतात. मार्च २०२५ मध्ये ती तशी आली होती आणि डिसेंबरातही जवळपास तशीच होती. कडी लाखो किलोमीटर रुंद, पण जाडी इतकी कमी की कडेने बघितलं की गायबच. खुद्द गॅलिलिओ १६१२ मध्ये याच प्रकाराने चक्रावला होता. मी हे सगळं एका दमात सांगितलं. लेक म्हणाली, ‘म्हणजे आपण चुकीच्या वर्षी घेतला.’

पण मग कृत्तिका. त्या रात्री त्या जवळजवळ डोक्यावर होत्या आणि टेलिस्कोप तितका वर वळवला की स्टँडचे पाय लटलटायला लागत होते. त्यामुळे मी मुकाट्याने बॅगेतली दुर्बीण काढली, १० बाय ५० ची, एका कलीगकडून उसनी आणलेली. आणि खरं सांगतो, या सबंध ट्रिपमधला सगळ्यात भारी क्षण त्या उसन्या दुर्बिणीने दिला. साध्या डोळ्यांना द्राक्षाच्या घोसासारखा दिसणारा पुंजका दुर्बिणीतून बघितला की फुटतो, आणि निळसर पांढऱ्या डझनावारी ठिणग्या होतात. आपल्या पुराणात कृत्तिका सहा. ग्रीकांनी त्यांना सात बहिणी म्हटलं, पण साध्या डोळ्यांना दिसतात बहुतेकांना सहाच. सातवीचं काय झालं, याच्या गोष्टी जगभर आहेत.

लेकीला सकाळचा तलाव आठवला. ‘आजोबा, इथे पण सहाच!’ ती ओरडली. पुंजण्याआडून कुत्रं भुंकलं. बाबांनी शांतपणे दुर्बीण तिच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘मोज आता.’ ती एकोणीसपर्यंत गेली आणि मग तिचे हात थंडीने थरथरायला लागले. तिला मिळालेला तो प्रकाश साधारण ४४० वर्षांपूर्वी निघाला होता, शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. एवढा प्रवास करून तो धानाच्या खळ्यावर एका नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत उतरला.

दादा सगळा वेळ शेकोटीजवळ बसला होता. शेकोटी आम्ही पुंजण्यापासून लांब, ओट्याच्या मागे लावली होती, उजेड येऊ नये म्हणून. पूर्वेला गुरू बऱ्यापैकी वर आला तेव्हा मी त्याला बोलावलं. ‘मले काय समजते त्यातलं,’ म्हणत तो आला, वाकला आणि पुढची पाच मिनिटं त्याने डोळा काढला नाही. गुरूच्या बाजूला एका रेषेत चंद्र दिसत होते, टाचणीच्या टोकाएवढे. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पहिल्यांदा बघितले तेच. ‘हे त्याच्याभवती फिरतात?’ दादाने विचारलं. ‘उद्या बघितलंस तर जागा बदललेल्या असतील,’ मी म्हटलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने गावाच्या दिशेने बघत राहिला.

तिथून आमचा खांब स्पष्ट दिसत होता. एक किलोमीटरवरून! झाडांच्या वर पांढरी धग, आणि तिच्यामागचं उत्तरेकडचं निम्मं आकाश धुऊन निघालेलं. दादा म्हणाला, ‘इथवर उजेड येऊन रायला. इथं कोन चालते?’

मला तेव्हा वाटलं तो आपल्या चांदण्यांसाठी बोलतोय. पण तो दुसरंच काही मोजत होता. परत जाताना वळणाच्या अलीकडे तो थांबला. झोत थेट आमच्या डोळ्यांत येत होता. खांबाखालचं वर्तुळ लख्ख, पण त्या वर्तुळाच्या बाहेर, जिथून आम्ही चालत होतो, तिथलं पायाखालचं काहीच दिसत नव्हतं. दिपलेल्या डोळ्यांना बाहेरचा अंधार आणखी काळा वाटतो, हे साधं शास्त्र आहे. समोरून येणाऱ्या ट्रकचा अपर लागला की आपल्याला जे होतं तेच. दादाने काठीने रस्त्याच्या कडेचं गवत चाचपलं. ‘माय चालली होती ती जागा ही,’ तो म्हणाला. ‘आता बी दिसत नाही.’

त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तसेच घरी आलो.

पेंचबद्दल मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने डार्क स्काय पार्कचा दर्जा दिला. असं मिळवणारं ते भारतातलं पहिलं आणि आशियातलं पाचवं ठिकाण. तिथे गावांचे दिवे काढून टाकलेले नाहीत. सिल्लारी, खापा अशा बफरमधल्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. उजेड रस्त्यावर पडतो, आकाशात जात नाही. वरून झाकण, खाली तोंड आणि रंग पांढऱ्याऐवजी जरा पिवळसर, कारण निळसर पांढरा उजेड हवेत जास्त पसरतो आणि किडेही जास्त बोलावतो. दादाने माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. तो उठला आणि मागच्या खोलीतून तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घेऊन आला.

हे एवढं सोपं आहे असं मात्र समजू नका. दिवा ग्रामपंचायतीचा, वीज मंडळाच्या खांबाला हात लावायला वायरमन हवा, आणि ‘उजेड कमी करून रायला’ म्हणून विरोधक बोंबलायला तयार. ज्या जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं वीजकेंद्र उभं आहे, तिथल्या वळणावरच्या एका दिव्याला झाकण लावायचं तर बैठक लागते. आम्ही निघालो तेव्हा डबा कापून अंगणात पडलेला होता, एवढंच.

असो. तुम्हाला जायचं असेल तर थोडं कामाचं बोलतो. गोंदियाला मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट येते. विमान हवं तर नागपूर, पुढे राष्ट्रीय महामार्गाने कोहमारा आणि तिथून नवेगावबांध. रात्री जंगलात शिरायची आयडिया डोक्यातून काढा. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे बिबळे आणि अस्वलं तुमच्यापेक्षा सीनियर आहेत. मुक्कामाच्या जागेची गच्ची किंवा ओळखीच्या माणसाचं शेत, आणि सोबत त्या गावचा माणूस, एवढं पुरतं. तलावाच्या काठावर टेलिस्कोप लावू नका. दिसायला रोमँटिक आहे, पण दवाने भिंग अर्ध्या तासात आंधळं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची नळी करून पुढे लावली की बराच वेळ निभावतं. आकाशगंगेचा जाड, दुधाळ पट्टा बघायचा असेल तर डिसेंबर नव्हे, मार्च-एप्रिलची पहाट. आणि पहिल्यांदा दुर्बीण घ्या. टेलिस्कोप नंतर. हे मी अठरा हजारांच्या अधिकाराने सांगतोय.

रविवारी पहाटे चारला बाबांनी आम्हाला पुन्हा उठवलं होतं, ते सांगायचं राहिलं. मागच्या परसात, घराच्या भिंतीने खांबाचा झोत अडवला होता, तिथे त्यांनी खाट टाकली होती. सप्तर्षी ईशान्येला चांगले वर आले होते. लेकीला शाळेत ते ‘बिग डिपर’ म्हणून शिकवलेले, डाव. बाबा म्हणाले, ‘डाव वगैरे काही नाही. ही म्हातारीची बाज. हे चार पाय, आणि मागून येतायत ते तीन चोर. म्हातारी जागी आहे म्हणून चोरांना बाज नेता येत नाही.’ या भागातली गोंड मंडळी आपलं आकाश वेगळंच वाचतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी पंधराएक गोंड गावं फिरून ते नोंदवलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. बाबांना हे मी सांगितलं तर ते म्हणाले, ‘आमच्या शाळेतल्या पोरांनी मला आधीच सांगितलं होतं. तू ऐकत नव्हतास.’

लेकीने विचारलं, ‘म्हातारी झोपते कधी?’

‘उजाडलं की,’ बाबा म्हणाले.

पुण्यात परतल्यावर महिन्याभराने दादाचा व्हॉट्सअॅप आला. फोटो होता. खांबावर तेलाच्या डब्याची टोपी, ब्रँडचं नाव उलटं, आणि खाली रस्त्यावर पिवळसर, नीटस गोल उजेड. कडेचं गवत दिसत होतं, पानन्‌पान. पाठोपाठ व्हॉइस मेसेज. ‘तिकांडं दिसते आता दारातून. काका बाहेर बसून रायले होते, काकीनं आत बोलावलं.’ मग थोडं थांबून, ‘तो गुरू का काय, तो मे महिन्यात दिसते का? पोरं विचारून रायली. आनि तुझा तो डब्बा येताना घेऊन ये. त्याचे पाय मी वेल्डिंग करून देतो.’